तिसऱ्यांदा विचारलं तर

एल्सबर्गमध्ये कुणी कॉफी पुढे केली की लगेच हात पुढे करायचा नसतो. पहिल्यांदा म्हणायचं, ‘नको, राहू दे.’ दुसऱ्यांदा, ‘उगाच कशाला त्रास?’ तिसऱ्यांदा आग्रह झाला की, ‘बरं, अर्धाच कप.’ आणि मग सावकाश दोन कप प्यायची. मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात हे कुणी कुणाला शिकवत नाही. अर्डिस लुंडीनच्या अंगात तर ते इतकं मुरलं होतं की लग्नाची मागणीसुद्धा तिने तिसऱ्या खेपेलाच स्वीकारली. वेंडेलला मधल्या दोन नकारांचं काही वाटलं नाही. तोही याच गावचा होता.

अर्डिस एकाहत्तर वर्षांची, ठेंगणी, चष्मा सतत नाकावरून घसरणारा. गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, एकतीस वर्षं तिने घड्याळ सांभाळलं. पोरांच्या सामन्यात शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, खेळ सुरू झाला की चालू करायचं. वेळ संपली की भोंगा आपोआप वाजतो. एकदा सख्ख्या पुतण्याचा गोल भोंग्यानंतर पडला. पंच गोंधळला होता, तर हिनेच हात वर करून सांगितलं की गोल नाही. पुतण्याच्या आईने पुढची दोन वर्षं नाताळचं कार्ड पाठवलं नाही. घड्याळाची पेटीही हट्टी. डावा कोपरा किंचित उचलून बटण दाबल्याशिवाय चालूच व्हायची नाही. ही कला गावात दोघांनाच येत होती. दुसरा वेंडेल. तो तिथेच बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचा आणि प्रत्येक फेरीला काचेपलीकडून बायकोला हात करायचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत वेंडेलला अर्धांगाचा झटका आला आणि त्याला गावाबाहेरच्या बर्च हिल शुश्रूषागृहात ठेवलं. मार्चमध्ये करोना आला आणि बर्च हिलचं दार बंद झालं. तेव्हापासून अर्डिस रोज दुपारी दोन वाजता त्याच्या खिडकीबाहेर, फुलझाडांच्या वाफ्यात उभी राहायची. आतून वेंडेल हात करायचा, अगदी गाडीवरून करायचा तसा. तो काय बोलतो ते ऐकू यायचं नाही. सत्तेचाळीस वर्षं त्याचे केस तिनेच कापले होते. आता ते मानेवर रुळत होते.

ऑक्टोबरात बर्च हिलचं पत्र आलं. भेटी सुरू होणार होत्या. गुरुवार, पाच नोव्हेंबर, दुपारी दोन, एकच माणूस, अर्धा तास, खोलीच्या आत. खाली अट होती: कर्मचाऱ्यांपैकी एक जरी पॉझिटिव्ह निघाला तरी दार चौदा दिवस बंद. अर्डिसने पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि कात्री पर्समध्ये टाकली. मग तिच्या लक्षात आलं, की बर्च हिलमध्ये काम करणाऱ्या निम्म्या बायकांची पोरं हॉकी खेळतात.

आणि हॉकीवरून तर गाव पेटलं होतं. क्रीडा समितीने उन्हाळ्यात नियम केला होता: बाहेरगावचे संघ नकोत आणि एका खेळाडूमागे एकच पालक. आता पालकांना सलग दोन शनिवार-रविवार सोळा संघांची स्पर्धा हवी होती, तीही भरल्या रिंकवर, दरवर्षीसारखी. निर्णय घ्यायला समितीने जाहीर सभा ठेवली. समितीच्या खोलीत वीसच माणसं मावतात म्हणून सभा रिंकवरच घेतली. गर्दी करणं धोक्याचं आहे का, हे ठरवायला दोनशे माणसं जमली.

प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. ती मोजायला अर्थातच अर्डिस, तिच्या नेहमीच्या काचेच्या खोपटात. अध्यक्ष ट्रॉय ऑस्टबी. हा जन्माने गावचाच, पण वीस वर्षं ॲरिझोनात घरं विकून परत आलेला, आणि तिकडच्या उन्हात त्याची बरीचशी रीतभात वाळून गेलेली.

पहिला एक बाप उठला. मास्क हनुवटीवर. “माझा मुलगा आतल्या आत कुढतोय हो! खेळ बंद झाल्यापासून त्याचा चेहरा बघवत नाही.” त्याचा मुलगा तेव्हा बाहेर पार्किंगमध्ये टेनिसच्या चेंडूने हॉकी खेळत होता आणि त्याचं खिदळणं आतपर्यंत ऐकू येत होतं. मग आले गावातले गुरांचे डॉक्टर. त्यांनी माणसांच्या फुप्फुसांवर बोलायला सुरुवात केली आणि तीन मिनिटांत डुकरांवर येऊन पोहोचले. भोंगा वाजला. एक बाई स्पर्धेच्या विरोधात बोलली. रडली, थरथरली, म्हाताऱ्यांच्या जिवाशी खेळू नका म्हणाली. तिने सप्टेंबरात लेकीच्या लग्नाआधीच्या पार्टीला साठ बायका बोलावल्या होत्या, हे त्यातल्या पन्नासजणी समोर बसून आठवत होत्या.

शेली ब्राटलंड स्पर्धेची मुख्य आयोजक. ती उठली, कागद फडकावत. “सगळ्यांनी घाबरून घरी बसायचं तर बसा. पण मुलांना कशाला शिक्षा? कुणाचं काय नुकसान होणार आहे, ते तरी समोर येऊन सांगा!”

अर्डिसने घसरलेला चष्मा वर केला. तिला सांगायचं होतं. फार काही नाही, गुरुवारबद्दल आणि केसांबद्दल. तीन मिनिटंही लागली नसती. पण बोलणाऱ्यांच्या यादीत आपणहून नाव घालायचं म्हणजे न विचारता कॉफी ओतून घेण्यासारखं. तिने नाव घातलं नव्हतं.

यादी संपली. ट्रॉयने सहज वर पाहिलं. “अर्डिस, तुम्हाला काही बोलायचंय का? इतका वेळ आमचीच बडबड ऐकताय.”

“छे, मी काय बोलणार?” ती माइकमध्ये म्हणाली.

“बोला ना. हरकत नाही.”

“नको, उशीर होतोय सगळ्यांना.” आणि ती थांबली. घड्याळावर तीन मिनिटं आधीच लावून ठेवली होती, अंगठा बटणावर, पेटीचा डावा कोपरा किंचित उचललेला.

“ठीक आहे,” ट्रॉय म्हणाला. “मतदान घेऊ.”

बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने तोंड उघडलंही होतं. पण अध्यक्षांना मध्येच टोकणं हे त्या गावात कॉफी पहिल्या खेपेला घेण्यापेक्षाही वाईट.

पाच जणांची समिती. दोन बाजूने, दोन विरोधात. उरला मिल्टन हाउगेन, समितीतला सगळ्यात वयस्कर. त्याने बराच वेळ टोपी फिरवली. “खरं सांगू? गावातल्या एकाचं जरी नुकसान होत असतं, तरी मी नाही म्हणालो असतो. पण एवढे बोलले, त्यात तसं कुणीच बोललं नाही.” त्याने हात वर केला. तीन विरुद्ध दोन. टाळ्या पडल्या. अर्डिसने तीन मिनिटं पुसून घड्याळ शून्यावर आणलं.

बाहेर पडताना शेलीने तिला गाठलं. “स्पर्धेला घड्याळावर तुम्हीच ना?”

“या वेळी नको गं.”

“असं काय करता!”

“दुसरं कुणी बघ.”

“तुमच्याशिवाय ती पेटी कुणाचं ऐकते? या ना, अर्डिस.”

तिसऱ्यांदा विचारलं होतं. “बरं,” अर्डिस म्हणाली, आणि घरी गाडी चालवत जाताना स्वतःवर इतकी चिडली की चुकीच्या वळणावर वळली.

पहिला शनिवार-रविवार झकास झाला. आठ गावांच्या गाड्या आल्या. लोक मास्क कानाला लटकवून घसा फुटेस्तोवर ओरडले आणि सभ्यपणे एकमेकांपासून सहा इंचांवर बसले. दारात हात धुवायच्या जेलची बाटली होती. ती दोन्ही दिवस भरलेलीच राहिली. अर्डिसने एकाही सेकंदाची चूक केली नाही.

बुधवारी बर्च हिलमधून फोन आला. स्वयंपाकघरातली एक बाई पॉझिटिव्ह. तिची मुलगी गोलकीपर होती. कुणामुळे झालं ते कोण छातीठोक सांगणार? पण दार बंद. निदान चौदा दिवस, पुढचं पुढे. फोनवरची मुलगी म्हणाली, “सॉरी, मिसेस लुंडीन. फार वाईट वाटतंय का?” “नाही नाही,” अर्डिस म्हणाली, आणि त्या मुलीने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गुरुवारी दोन वाजता ती खिडकीशी उभी राहिली. आत कुणीतरी वेंडेलला भेट होणार म्हणून स्वच्छ शर्ट घातला होता, आणि बेत रद्द झाल्याचं त्याला सांगायचं राहून गेलं होतं. त्याने बऱ्या हाताने मानेवरचे केस धरून दाखवले. मग दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा दाराकडे. अर्डिसने पर्समधली कात्री काढून दाखवली आणि ‘नाही’ म्हणून मान हलवली. त्याला कळलं नाही. अर्धा तास तो दाराकडे बघत राहिला आणि ती वाफ्यात उभी राहून रडली.

शुक्रवारी सकाळी शेली दारात हजर. हातात पीनट बटर आणि चॉकलेटच्या वड्यांचं ताट. “अर्डिस, उद्या आठ वाजता पहिला सामना. तुम्ही साडेसातला याल ना?”

“नाही,” अर्डिस म्हणाली.

शेली हसली. हे नेहमीचंच होतं. “मुलं वाट बघतायत हो. सगळे विचारतात, अर्डिस येणार ना, अर्डिस येणार ना.”

“नाही.”

“ऐका ना. ट्रॉय काल तासभर त्या पेटीशी झटापट करत होता, भोंगा तेवढा वाजवला त्याने. तुम्ही नसलात तर स्पर्धा व्हायची कशी? या. माझ्यासाठी या.” आणि तिने ताट पुढे केलं, म्हणजे आता ‘बरं’ आलं की ते हातात देता यावं.

“नाही.”

ताट मध्येच राहिलं. शेली चाळीस वर्षांची होती. तिसऱ्या नकारानंतर काय बोलतात ते तिला ठाऊकच नव्हतं, कारण तो तिने कधी ऐकला नव्हता. तिने अर्डिसच्या खांद्यावरून आत पाहिलं. फ्रिजवर ते पत्र अजून होतं, गुरुवारभोवती पेनाने गोल काढलेला. वाचता वाचता शेलीचा चेहरा उतरला.

“अगंबाई! तुम्ही सभेत बोलला का नाहीत?”

“ट्रॉयने दोनदाच विचारलं,” अर्डिस म्हणाली. “तू तीनदा विचारलंस, बरं केलंस.”

आणि तिने दार लावलं.