झिजेसकट घेतलेलं माप

सीमेवर चकमक झाली, चीनचे सुटे भाग यायचे थांबले आणि उद्यमनगरातल्या आमच्या लेथच्या दुकानाला बरे दिवस आले. दोन देशांचं बिनसलं ते आमच्या पथ्यावर पडलं. जयसिंगपूरकडचे एक यंत्रमागवाले, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, चिनी मागाचा झिजलेला गिअर पिशवीत घालून आले. "असाच पायजे," म्हणाले. तोवर काम इतकं वाढलं होतं की पुण्यात नोकरीला असलेला धाकटा भाऊ राजीनामा देऊन घरी आला होता. मला तेच हवं होतं.

आमच्याकडे ड्रॉइंग कुणी मागत नाही. नमुना पुढ्यात ठेवायचा आणि तसाच करून द्यायचा. भावानं दातांचं माप घेतलं ते झिजेसकट. कोरा गिअर, पण जन्मतःच म्हातारा. अण्णांचे मागही तितकेच झिजलेले, त्यामुळे तो चपखल बसला आणि कधी तक्रार आली नाही.

मग दोन्ही देशांच्या वरच्यांनी हात मिळवले, विमानं सुरू झाली, व्हिसा मिळू लागले, चिनी भागही परत यायला लागले. अण्णांनी नवे माग मागवले आणि ते जोडायला आलेल्या चिनी इंजिनिअरला एक दिवस आमच्याकडे घेऊन आले. त्याच्या कंपनीचा नवा गिअर अण्णांच्या जुन्या मागात बसेना म्हणून तो चक्रावला होता. आमचा गिअर त्यानं मोजला आणि हसत सुटला. हे माप कुणी घेतलं, असं त्यानं फोनवरच्या भाषांतरातून विचारलं. भाऊ पुढं झाला. चूक तरी किती बिनचूक केली होती पठ्ठ्यानं! इंजिनिअरनं त्याला नोकरीच देऊ केली. या भागातले माग सांभाळायला त्यांना माणूस हवा होता.

"जातोस?" मी विचारलं.

"जातो की. हितं आता काय ऱ्हाणार हाय, दादा?"

त्याचं चुकत नव्हतं. शेजारी देशांचं जुळलेलं चांगलंच, असं मीही चारचौघांत म्हणतो. तेव्हा मात्र मला फार राग आला होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

जुन्या मागांचं काम तेवढं आमच्याकडे उरलं. गेल्या आठवड्यात भाऊ कंपनीचा शर्ट घालून दुकानात आला. अण्णांच्या जुन्या मागांचे झिजलेले भाग बदलून त्यांनाही कंपनीचेच गिअर बसवायचं त्यानं ठरवलं होतं.

"दुसऱ्याकडनं कळण्यापरीस मीच सांगावं म्हटलं," तो म्हणाला.

मी मशीन बंद केलं आणि गिऱ्हाइकाला देतो तसं स्टूल पुसून त्याच्यापुढं ठेवलं.