तुळईतलं भोक

ऑफिसात तिला सगळे 'टक्करबाई' म्हणत. काम तसंच होतं. इमारत बांधायच्या आधी ती संगणकावर अख्खी उभी केली जायची, खांब-तुळया, पाइप, वायरिंग, सगळं. आणि त्यात कोण कोणाच्या अंगावर जातंय ते ती शोधायची. मग पाइपवाले तुळईवाल्यांवर खेकसायचे, तुळईवाले वायरिंगवाल्यांवर, आणि शेवटी सगळे मिळून तिच्यावर. ती हसून सोडून द्यायची. इथे भांडून घेतलेलं बरं, साइटवर तोडफोड नको.

एका नव्या दवाखान्याच्या कामावर तिचा थोरला भाऊ सुपरवायझर होता. वडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं, या कंपनीत चिकटवलं. दुसऱ्या मजल्याखाली सांडपाण्याचा पाइप तुळईतून आरपार जातोय, हे तिला मॉडेलमध्ये दिसलं. बैठक झाली. पाइप वळवायचा ठरला. दादानेही मान डोलावली.

पुढे ती साइटवर पाहणीला गेली, तर पाइप सरळच गेलेला. तुळई फोडून, आतल्या सळ्या कापून.

"दादा, हे काय?"

"वळवून बसत नव्हता. साहेबांचा रोज तगादा, मजला कधी देतोस. प्लास्टर झालं की कोणाला दिसतंय?"

"वर पेशंट झोपणार आहेत."

"मला शिकवतेस?"

"तू स्वतः सांग साहेबांना. सांभाळून घेतील. नाहीतर मला सांगावं लागेल."

तो हसला. "तू? माझं?"

त्याने सांगितलं नाही. आठवड्याभरात तिथे गुळगुळीत प्लास्टर झालं. तिने वाट पाहिली, दोनदा फोन केला, आणि मग सांगितलं.

प्लास्टर खरवडलं, तुळईला पोलादी पट्ट्यांचा आधार दिला. दादाची नोकरी गेली. तगादा लावणारे साहेब मात्र जागच्या जागी. उद्घाटनाला ते म्हणाले, "आमच्या तंत्रज्ञानाने अनर्थ टाळला." तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. तो तिने जिन्यात ठेवून दिला.

आई दादाकडेच राहायची. फोनवर म्हणाली, "बरोबरच केलंस गं. पण तो तुझा भाऊ होता."

'होता' हा शब्द तिला दिवसभर बोचत राहिला. वहिनीने तर फोन उचलणंच बंद केलं.

दादा फरशीच्या दुकानात लागलाय, असं कानावर आलं. एका दुपारी ती तिथे गेली. तो काउंटरमागे होता, केस बरेच पिकलेले. तिने नुसतं "दादा" म्हटलं. त्याने वर पाहिलं, शांतपणे पाहिलं, आणि शेजारच्या सेल्समनला हाक मारली.

"मॅडमना बाथरूमच्या फरश्या दाखवा. तडे गेलेल्या नकोत, त्यांना लगेच दिसतात."

सेल्समन लगबगीने एकेक फरशी काढून दाखवू लागला. तीही मान हलवत बघत राहिली. दादा आतल्या खोलीत गेला, तो ती निघेपर्यंत बाहेर आला नाही.