न चाखलेलं सांबार

एकावन्नाव्या वर्षी मी कुंभकोणमच्या कॉलेजात पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला उभी राहिले. आमच्याकडे ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. पहिल्या रांगेत माझा नवरा आणि शेजारी सासूबाई. त्यांना मी बजावलं होतं, येऊ नका, सगळं इंग्रजीत असतं. त्या कुठल्या ऐकतात!

विषय होता ख्रिस्ती महाकाव्यांतली स्त्री. देवाच्या बागेतली ती पहिली बाई, मना केलेलं फळ खाणारी. शाळेत शिकवून, घरचं सगळं करून, नऊ वर्षं मी एकच म्हणणं लावून धरलं होतं: ती दुबळी म्हणून मोहात पडली नाही, तिनं समजून उमजून खाल्लं. चेन्नईहून आलेल्या परीक्षकांना ते पटेना.

"सापानं फसवलं तिला. बायकांचं मन मऊच असतं. हे प्रकरण बदलून आणा," ते म्हणाले.

म्हणजे आणखी दोन वर्षं, आणि तेही मला न पटणारं लिहिण्यात. माझे मार्गदर्शक डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हणा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तमिळमध्ये सांगू?" मी विचारलं. त्यांनी मान डोलावली.

"पिढ्यानपिढ्या इथे राहिलेल्या आम्हां मराठी लोकांच्या घरी नैवेद्याचं काही चाखत नाहीत. मीठसुद्धा अंदाजानं. माझ्या सासूबाईंचा हात मिठाला जरा सढळ. चतुर्थीचं सांबार खारट व्हायचं आणि पाहुणे मुकाट्यानं ओरपायचे, कारण प्रसादाला नावं ठेवायची नसतात. पण सर, पातेल्याला कुलूप असतं, तर न चाखण्यात कसलं पुण्य? पातेलं उघडं, पळी हातात, म्हणून तर त्या न चाखण्याला मोल. आणि चाखणंही तितकंच आपलं. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला सासूबाई देवघरात असताना मी ते सांबार चाखलं. तिथे साप नव्हता. कुणी फूस लावली नव्हती. मी काय करतेय ते मला पक्कं ठाऊक होतं. चाखलं, आणि वरून डाळ, चिंचेचं पाणी घालून सारखं केलं. पाप म्हणायचं तर म्हणा, ते माझं आहे. मऊ मनाच्या नावावर घालू नका."

सभागृह खो खो हसलं. सव्वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट मी भर सभेत ओकले होते, तीही सासूबाईंच्या मिठासकट. पहिल्या रांगेकडे बघायची माझी छाती होईना.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "प्रकरण आहे तसंच राहू द्या," ते म्हणाले, आणि पदवीची शिफारस जाहीर करून टाकली. टाळ्या वाजल्या. मला एवढा आनंद झाला की मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात सासूबाई उठून माझ्याजवळ आल्या. बाहेर त्या नेहमी तमिळच बोलतात. आज घरच्या जुन्या वळणाच्या मराठीत बोलल्या, म्हणजे त्या गर्दीत फक्त आम्हा तिघांना कळावं.

"मज ठाऊक होतें गे. पळी उष्टी दिसली तेव्हांच."

मीही मराठीतच विचारलं, "मग दुसरं सांबार का नाही केलंत? वेळ होता की."

"होता. पण म्यांही चाखलें," त्या म्हणाल्या. "बरें लागलें. म्हणून तेंच देवापुढें ठेविलें."