अण्णांनी पसंत केलेले हेडफोन

अण्णांना कोणतीही गोष्ट दोनदा सांगावी लागे. बेंगळुरूच्या श्रीरामपुरममध्ये त्यांच्या घरी वरची खोली भाड्याने बघायला गेलो, तेव्हा मी नाव, गाव, शिक्षण, नोकरी असं सगळं एका दमात सांगितलं. अण्णांनी खुर्चीतून मान पुढे काढली आणि म्हणाले, "परत सांगा." मी परत सांगितलं. "सरी. आता कळलं." घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, म्हणून बोलण्यात कानडी मिसळलेली. मला वाटलं, म्हातारा बहिरा आहे. म्हणून कोणी न विचारताच मी तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. तेव्हा स्वयंपाकघरातून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, बाहेर आल्या. "ओरडू नको रे बाबा, कान चांगले आहेत त्यांचे. सवय आहे ती."

सवय कसली, ते व्रतच होतं. डॉक्टरांनी गोळ्या सांगितल्या की अण्णा म्हणत, "इन्नोम्मे हेळी," म्हणजे आणखी एकदा सांगा. बसच्या कंडक्टरला म्हणत. सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही एकदा संकल्प मध्येच थांबवून त्यांनी तेच सांगितलं. भटजींनी डोळे वटारले, पण संकल्प परत सांगितला. मी लाजेने ताम्हनाकडे बघत राहिलो. माणसाने इतकं निर्लज्ज असू नये, असं माझं तेव्हा प्रामाणिक मत होतं.

या व्रताचं मूळ चिकपेटेत होतं. अण्णांनी उभा जन्म तिथल्या एका साड्यांच्या दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या दाखवल्या. गिऱ्हाईक कानडीत बोले, तमिळमध्ये बोले, तेलुगूत बोले, आणि लग्नाचं असलं तर सगळं घरदार एकदमच बोले. "न कळता हो म्हटलं," अण्णा सांगत, "की चुकीचा ढीग उतरतो. मग दिवसभर घड्या घाला. परत विचारायला एक तोंड पुरतं, इंजिनेरु. घडी घालायला दोन माणसं लागतात."

इंजिनेरु म्हणजे मी. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. करमाळ्याला वडिलांची पिठाची गिरणी आहे, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात आणि सगळं मराठीतच बोलतात. बेंगळुरूला नोकरी लागल्यावर वडिलांनी दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, की आमचा पोरगा रोज विलायतेशी बोलतो. वडिलांच्या बोलण्यात एवढीच चूक होती, की बोलायचा विलायतेतला माणूस. मी फक्त "येस" म्हणायचो.

आमचा ग्राहक इंग्लंडच्या उत्तरेकडचा होता. शब्द अर्धे गिळायचा आणि उरलेले अर्धे एकमेकांना चिकटवायचा. माझ्या नोकरीचे पहिले महिने परीक्षेचे होते. ते संपल्यावर कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. मी न चुकता मीटिंगला बसायचो, मान हलवायचो आणि नंतर शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून काय ठरलं असावं याचा अंदाज घ्यायचो. एकदा त्या गृहस्थाने मला थेट विचारलं, काम शुक्रवारी देणार की सोमवारी? मी ठामपणे म्हणालो, "येस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या मॅनेजर बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "ऑडिओ इश्यू है क्या?" बुडत्याला काडी मिळाली. "हाँ मॅम, ऑडिओ," मी म्हणालो. "तो एक अच्छा क्लोज्ड-बॅक हेडफोन ले लो," त्या म्हणाल्या. "ऑफिस में भी चलेगा, घर पे भी."

गंमत अशी, की दोन दिवसांत माझाच त्यावर विश्वास बसला. इंग्रजी मला येतंच, फक्त नीट ऐकू येत नाही! मग मी अभ्यासाला लागलो. अभ्यास ही एकच गोष्ट मला मनापासून जमते. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर झिरपतो, शेजाऱ्याला आपलं गाणं फुकट मिळतं. बंद पाठीचा असला की आतलं आत राहतं आणि बाहेरचं बाहेर. कानावर बसणारा वेगळा, कानाभोवती बसणारा वेगळा. चष्मेवाल्यांनी दाब बघावा, घाम येणाऱ्यांनी गादी बघावी. हे सगळं सांगणारे व्हिडिओ अर्थातच इंग्रजीत होते, म्हणून मी ते खालची अक्षरं लावून बघायचो. ऐकण्याचं यंत्र कोणतं घ्यावं हे मी वाचून ठरवत होतो, आणि त्यात काही चमत्कारिक आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

जिन्यात मोबाइलवर हेच बघत बसलेलो अण्णांना दिसलो. "काय घेतोस?" मी सांगितलं. "परत सांग." परत सांगितलं. "म्हणजे कानाला घालायचं वस्त्र," अण्णा म्हणाले. "वस्त्र फोटो बघून घेतात का कधी? ऊठ."

मेट्रोने आम्ही चिकपेटेला उतरलो आणि तिथून चालत एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. वाटेत अण्णांनी मला खरेदीचं शास्त्र सांगितलं. दुकानदार पहिलं दाखवतो ते त्याला खपवायचं असतं, शेवटचं दाखवतो ते त्याला मिरवायचं असतं. आपलं जे असतं ते मध्ये कुठेतरी दबलेलं असतं, ते ओढून काढायचं. मी म्हणालो, "अण्णा, ही साडी नव्हे." ते म्हणाले, "अंगाला लागणारं सगळं एकच."

दुकानातला विक्रेता हिंदीत बोलणारा, तरतरीत तरुण होता. त्याने पहिला जोड पुढे केला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मधल्या फळीवरचा एक काळा, साधा जोड त्यांनी मागितला, उलटा केला आणि कानाच्या गादीवरून अंगठा फिरवला. "पदर कोणीही चांगला विणतो. आतली बाजू बघायची." मग दोन्ही टोकं धरून ताणून बघितली. मग तो जोड घेऊन तडक दारात गेले, कारण दुकानातल्या दिव्यात रंग खरा दिसत नाही. विक्रेता घाबरून मागे धावला. "अंकल, ये तो काला ही है!"

"काळ्यातही सतरा काळे असतात," अण्णा मराठीतच म्हणाले आणि त्यांनी तो जोड माझ्या डोक्यावर चढवून मला उंबऱ्यापाशी स्टुलावर बसवलं. "आता बस. वस्त्र नेसून बसल्याशिवाय कळत नाही. चष्मा टोचतो का बघ."

विक्रेता गाणं लावणार होता. "बेडा, गाणं नको," अण्णा म्हणाले. "ह्याला माणसाचं बोलणं ऐकायचंय." त्याने कोणाचं तरी इंग्रजी भाषण लावलं.

आणि एस. पी. रोड बंद झाला. रिक्षांचे हॉर्न, हातगाड्या, समोरचा ड्रिल, सगळं गेलं. राहिला तो फक्त वक्ता. त्याचा प्रत्येक श्वास, ओठांची उघडझाप, कागद उलटल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू येत होता. व्हिडिओंनी सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. एकच अडचण होती. तो काय म्हणतोय ते मला कळत नव्हतं.

आता ऑडिओचं नाव सांगायची सोय राहिली नव्हती. अण्णांनी हाताने विचारलं, कसं आहे? मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि अगदी कुजबुजत म्हणालो, "अण्णा, ऐकू सगळं येतंय, पण इंग्रजी मला कळतच नाही हो!"

निदान मला ते कुजबुजणं वाटलं. बंद पाठीच्या हेडफोनात आपला स्वतःचा आवाजही आपल्याला धड कळत नाही, हे कोणत्याही व्हिडिओने मला सांगितलं नव्हतं. शिवाय आवाज गिरणीत तयार झालेला. सगळं दुकान वळलं. समोरच्या दुकानातला माणूस पायरीवर आला. मी हेडफोन खाली ओढले, तेव्हा तो इतका वेळ हिंदीत बोलणारा विक्रेता स्वच्छ मराठीत म्हणाला, "साहेब, त्याला वॉरंटी नाही बघा." पठ्ठ्या बेळगावचा निघाला.

अण्णा हसले नाहीत. "कोणाचं इंग्रजी? त्या कामातल्या साहेबाचं?"

मी मान हलवली.

"मग परत विचारायचं."

"मीटिंगमध्ये? सगळ्यांसमोर? अण्णा, काय म्हणतील लोक?"

"काय म्हणतील?" अण्णांना प्रश्नच कळला नाही. "परत सांगतील."

तो काळा जोड आम्ही घेतला. परतीच्या मेट्रोत अण्णांनी त्याचं खोकं मांडीवर शालू घेतल्यासारखं धरलं होतं.

पुढच्या मीटिंगला मी हेडफोन चढवून बसलो. साहेबाने काहीतरी लांबलचक सांगितलं आणि तो थांबला. तोंडात येस आला होता. डोळ्यांपुढे चिकपेटेतला साड्यांचा उतरलेला ढीग आला. मी म्हणालो, "सॉरी, प्लीज से दॅट अगेन." आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण पलीकडे साहेबाने खुर्ची मागे सरकवल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. त्याने परत सांगितलं, हळू. मी आणखी एकदा विचारलं. त्याने आणखी हळू सांगितलं. आणि मग मला दिसलं, की टेबलाभोवतीचे सगळे जण माना खाली घालून भराभर लिहून घेताहेत. स्क्रीनवर मॅनेजर बाईंचा मेसेज आला : थँक्स, मुझे भी नहीं समझा था.

माझी नोकरी कायम झाली. इंग्रजी सुधारल्यामुळे नव्हे. ते आजही स्वल्पच आहे. ऑफिसमध्ये परत विचारायचं काम अधिकृतपणे माझ्याकडे आलं आहे. कोणाला काही कळलं नाही, की ते माझ्याकडे बघतात.

पुढे ऑफिसजवळ खोली मिळाली आणि मी श्रीरामपुरम सोडलं. रविवारी जायचो. गेलो की अण्णा पिशवीतून हेडफोन काढून घेत आणि काही न लावता नुसतेच घालून बसत. "आत काही नाही, तरी बरं वाटतं," म्हणत. अक्का स्वयंपाकघरातून मला ओरडायच्या, "त्यांना सांग, मी बोलतेय!" मी सांगायचो. अण्णा एक कान उघडून म्हणायचे, "परत सांग." तेव्हा मात्र ते व्रत होतं की लबाडी, हे मला कधी कळलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. हेडफोन कानावरच होते. अक्का होत्या. मागे मिक्सर नव्हता, कुकर नव्हता, घरासमोरच्या वेल्डिंगच्या दुकानाचा आवाजही नव्हता. हेडफोन घेतल्यापासून इतकं स्वच्छ बोलणं मी ऐकलं नव्हतं. "अण्णा गेले रे सकाळी," अक्का म्हणाल्या.

एकूण एक अक्षर मला ऐकू आलं होतं आणि कळलंही होतं.

"अक्का," मी म्हणालो, "परत सांगा."

आणि त्या घराची रीतच ती, म्हणून अक्कांनी न रागावता, हळू, परत सांगितलं.