उकिडवं बसणाऱ्याचं होल्स्टर

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी थोरल्या बहिणीचं नाव सांगतो. आम्ही तिला ताई म्हणतो. वडील गेले तेव्हा ती नववीत होती आणि मी दुसरीत. तिनं शाळा सोडली, शिवणयंत्र घेतलं, आणि तालुक्याच्या आमच्या गावात बायकांचे ब्लाउज नि पोरांचे गणवेश शिवून मला इंजिनियर केलं. आमच्या घरात पहिली पदवी आली ती तिच्या पायांनी चालणाऱ्या त्या यंत्रामुळे.

नव्वदच्या दशकात मी नॉर्थ कॅरोलिनात, मॉरिसव्हिलला राहत होतो. आजूबाजूची आपली मंडळी बहुतेक सॉफ्टवेअरमधली, एसीत बसणारी. मी मात्र कंपनीची व्हॅन घेऊन फिरायचो. गॅस स्टेशनांवर, म्हणजे तिकडच्या पेट्रोलपंपांवर, आणि लहान दुकानांत तेव्हा नवीनच एटीएम बसू लागली होती. ती बिघडली की दुरुस्त करायची, हे माझं काम.

काम मला मनापासून आवडायचं. यंत्राचं खालचं दार उघडायचं आणि त्याच्यासमोर उकिडवं बसायचं, टाचा जमिनीला टेकवून, दोन्ही हात मोकळे. सोबतचे अमेरिकन एक गुडघा टेकायचे, नाहीतर छोटं स्टूल बाळगायचे. मला त्याची गरज पडली नाही. नोटांची पेटी वेगळ्या कुलपात असायची आणि तिची किल्ली माझ्याकडे कधीच नसायची. पण पाठीमागून येणाऱ्याला हे कसं कळणार?

एका संध्याकाळी आमच्यातल्याच एकाच्या डोक्यात कुणीतरी मागून लोखंडी नळी घातली. तो वाचला, पण उजव्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. पुढच्या आठवड्यात साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचा परवाना मिळावा, असा कायदा राज्यात नुकताच झाला होता. साहेब म्हणाले, ज्याला परवाना काढायचा त्यानं काढावा, कंपनी अडवणार नाही. नको असेल त्यानं ऑफिसात फोनवर बसावं. उन्हाळा संपेपर्यंत काय ते सांगा.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळ्या करत होती.

"मग फोनवर बसा की. वाईट काय आहे त्यात?"

"लोकांना बटणं कुठली दाबायची ते सांगत बसू? त्यासाठी शिकलो का मी?"

"रविवारी पंचशील म्हणता ना? मग कमरेला पिस्तूल लावून म्हणणार?"

"लावून नाही म्हणणार. ते फक्त कामावर. पण कुणी मागून डोकं फोडावं आणि मी वाट बघत बसावं, असं कुठल्या शीलात लिहिलंय?"

ती तव्यावरची पोळी उतरवून मग म्हणाली, "माझी एक अट आहे. ते कुणालाही दिसता कामा नये. पोरीला नाही, शेजाऱ्यांना नाही, गिऱ्हाइकांना नाही. एकाला जरी दिसलं, तरी ते घराबाहेर आणि तुम्ही फोनवर."

मी कबूल झालो. अमेरिकेचा नागरिक मी आधीच झालो होतो, त्यामुळे परवान्याला अडचण नव्हती. शिकवणीला गेलो, कायदा पाठ केला, नेम धरायला शिकलो, परीक्षा पास झालो. खरी परीक्षा होती होल्स्टरची, म्हणजे पिस्तूल अंगावर बाळगायच्या म्यानाची.

शिकवणारे गृहस्थ निवृत्त पोलीस होते आणि त्यांचं स्वतःचं दुकानही होतं. कामाला कसं बसतोस, असं त्यांनी विचारलं. मी दुकानाच्या मधोमध उकिडवा बसलो.

"अरे बापरे! टाचा खाली? आणि पडत नाहीस?" त्यांनी मागच्या खोलीतल्या बायकोला हाक मारली. "इकडे ये, हे बघ!"

त्यांच्या बायकोनं मला नीट न्याहाळलं. "तुला हे जमलं तर मी दुसरं लग्न करेन," ती त्यांना म्हणाली.

"कुणाशी?"

"तुझ्याशीच. पण मग बागेतलं तण तू काढायचंस."

मग रिकामं पिस्तूल घेऊन आम्ही एकेक प्रकार लावून पाहिला. पायाला बांधायचं होल्स्टर पहिल्याच फेरीत बाद झालं. उकिडवं बसलो की पँट पोटरीपर्यंत वर चढायची आणि पिस्तूल दुकानभर दिसायचं. काखेतलं बांधलं, तर यंत्रात वाकल्यावर ते पुढे लोंबायचं. पाठीच्या मधोमधचं बसताना दिसत नव्हतं, पण व्हॅन चालवताना मणक्यात रुतलं असतं. पोटाजवळ लावलं तर मांडी वर येताच मूठ बरगडीत टोचली.

"तू बसायची सवय बदल ना," ते म्हणाले. "स्टूल घे एक."

"स्टुलावरून उठायला वेळ लागतो. असा बसलो की मी एका झटक्यात उभा राहतो. बसणं नाही बदलणार. हे बदलू."

त्यांना बहुधा ते पटलं. त्यांनी पँटच्या आतून बसणारं, टणक प्लास्टिकचं एक होल्स्टर काढलं. त्यात चाप पूर्ण झाकलेला राहत होता, आणि तसा राहत नसेल तर ते होल्स्टर घ्यायचंच नाही, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं. पट्ट्यावर बसणारी क्लिप दोन स्क्रूंवर होती. स्क्रू सैल केले की होल्स्टर वरखाली करता यायचं, पुढेमागे कलवता यायचं. जोडीला जाड चामड्याचा पट्टा घ्यायला लावला. माझा पट्टा इतका मऊ होता की पिस्तुलाच्या वजनानं पँट एका बाजूला ओघळायची. पँटही कमरेत एक माप मोठी घे म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये मी आणि स्क्रूड्रायव्हर. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायच्या, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा पाहायचं, आणि मगच सुरू. होल्स्टर फार वर ठेवलं तर मूठ फासळीला लागे. फार खाली ठेवलं तर मूठ पट्ट्यात अडके आणि हातात धड येत नसे. कमरेच्या हाडाच्या थोडं मागे सरकवलं, पुढे कलवलं, एक स्क्रू घट्ट, दुसरा किंचित सैल. बसायचो, उठायचो, परत बसायचो. कमरेवर लाल वळ उठले. मग होल्स्टरची आतली कडा बारीक कानशीनं घासून गोल केली. दुसऱ्या दिवशी पोरगी घरी नसताना ते घालून दिवसभर घरात वावरलो, केर काढला, व्हॅन धुतली, आणि दुपारी कधीतरी कमरेला काही आहे हे विसरलो.

बायकोला गॅरेजमध्ये बोलावलं. "तू चोर. मागे उभी राहा."

मी उकिडवा बसलो.

"दिसतंय."

थोडा पुढे सरकलो. "आता?"

"आता तर मूठच दिसतेय. चोर म्हणेल, द्या इकडे, मीच धरतो."

होल्स्टर आपल्या जागी बरोबर बसलं होतं. घात शर्टानं केला होता. ताई दरवर्षी कुणा येणाऱ्याबरोबर मला दोन बुशशर्ट पाठवायची, आणि कामावर मी तेच घालायचो. अंगासरशी शिवलेले, खाली सरळ, दोन्ही बाजूंना चीर. बसलो की उजवी चीर नेमकी पिस्तुलावर उघडायची. उभा राहिलो तर अंगासरशा कापडातून मुठीचा उंचवटा दिसायचा.

बाजारातून सैल, लांब, गडद निळा शर्ट आणला. त्यात बायकोनं मला समोरून, मागून, वाकवून, हात वर करायला लावून पाहिलं. शेवटी म्हणाली, "चालेल." सोमवारी साहेबांना सांगितलं, मी रस्त्यावरच राहणार.

राहिला ताईचा प्रश्न. यंदाचे शर्ट ती दिवाळीच्या सुटीत कापणार होती.

"लिहा की पोट सुटलंय," बायको म्हणाली. "मोठे शिवून देईल."

"मग ती माझं तूप बंद करेल. आणि तू मला उपाशी ठेवतेस की फार खाऊ घालतेस, यावर चार पानं लिहील."

"मग इथलेच घाला. तिचे कपाटात ठेवा. तिला काय कळतंय?"

ते मला जमणार नव्हतं. जिनं माझ्या अंगाचं माप इतकी वर्षं लक्षात ठेवलं, तिच्याशी मापाबद्दल खोटं बोलायचं नाही, हे मी ठरवलं. त्याच आठवड्यात पत्र टाकलं.

"ताईस सविनय जयभीम.

यंदा शर्टाचं माप बदलायचं आहे. लांबी चार बोटं जास्त धर. उजवीकडची चीर शिवून टाक, डावीकडची राहू दे. कमरेजवळ उजव्या बाजूला मूठभर सैल ठेव. कापड जाड नि गडद घे, पांढरं नको.

मी जाड झालेलो नाही. कामावर असताना मी कमरेला पिस्तूल लावतो. आमच्यातल्या एकाला मागून मारलं, म्हणून. परवाना आहे, शिकून घेतलं आहे, घरी आलो की ते कुलपात असतं. तुझ्या भावजयीला माहीत आहे, पोरीला नाही. ऑफिसातली खुर्ची मिळत होती, मी घेतली नाही. मला यंत्र उघडून बसायचं आहे, आणि रोज संध्याकाळी घरीही यायचं आहे. दोन्ही जमवण्याचा हा मार्ग मला सापडला.

तू रागावशील. चार दिवस रागाव, पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच लिहितो आहे. मी कुणावर हात उगारायला निघालेलो नाही. उगारावा लागू नये म्हणून डोळे उघडे ठेवतो, मागचा आवाज ऐकतो, आणि शंका आली तर काम अर्धं टाकून व्हॅनमध्ये जाऊन बसतो. तेही शिकवणीत शिकवलं आहे.

हे शर्ट शिवायचे नसतील तर तसं स्पष्ट कळव, मी इथं शिवून घेईन. पण तू शिवलेस तर मला बरं वाटेल.

तुझा धाकटा"