नवसाचे रोडगे आणि साधनाची फूड केमिस्ट्री

नवस फेडून होतो, पण त्याच्या भोवतीच्या गोष्टी घरात साचतच जातात. डब्यात कोंबल्या तरी झाकण बसत नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची साधना चंद्रपूरला गृहविज्ञान शिकत होती आणि फूड केमिस्ट्रीत नापास झाली. मी चिमूरच्या मारुतीपुढे पदर पसरला, "देवा, पोरगी पास होऊ दे, अख्ख्या गल्लीले रोडगे चारीन!" कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, आमच्याकडे नवसाचं जेवण म्हणजे हेच.

*

नापास कशानं? पेपरात विचारलं होतं, साखर आणि अमिनो आम्ल एकत्र तापून पदार्थ तांबूस होतो, त्याचं उदाहरण द्या. हिनं लिहिलं, चिरून ठेवलेलं वांगं! ते काळं पडतं एन्झाइममुळे, ते प्रकरणच वेगळं.

तेव्हापासून शेजारच्या रेहानाभाभी वांगी चिरायला बसल्या की हाक मारायच्या, "साधना बेटा, जल्दी ये, तुझा पेपर काळा पडून राह्यला!"

*

मग पाठांतर सुरू झालं. "साखर, अमिनो आम्ल, उष्णता. रंग तांबूस, वास खमंग."

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "वास सोडला तर तुह्या आईचा राग असाच येते."

माझा शनिवारचा उपास होता, म्हणून हे वाचले!

*

एकदा भाभींचं दूध नासायच्या बेतात होतं. चिमूटभर सोडा टाकून त्यांनी खीर आटवली, ती झाली चांगलीच तांबूस. "सोड्यानं रंग लवकर चढते, भाभी," साधना म्हणाली. पाहुणे दारातच!

भाभी कुजबुजल्या, "चूप! कॉलेजात सोडा म्हण, इथी केशर म्हण."

पाहुण्या बाईंनी दोनदा मागून घेतली. जाताना म्हणाल्या, "असं केशर आमच्याकडे मिळतच नाई."

*

परीक्षा जवळ आली तशी यांना माझी दया आली. मला धूर लागू नये म्हणून यांनी रोडग्यांची तालीम कुकरात केली. शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं. रोडगे पांढरेफटक आणि चिकट!

भाभींनी वाकून पाहिलं. "भाऊ, हे तापातून उठले काय?"

"बाबा, वाफेत रंग येत नाई," साधना म्हणाली. "वरचं पाणी उडून कोरडं तापलं पाह्यजे."

*

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर आले होते. त्यांनी विचारलं, "ब्रेड वरून तांबूस आणि आतून पांढरा का असतो?"

साधनाला पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी तिनं नवसाचे रोडगे आणि बाबांचा कुकर शिट्ट्यांसकट सांगून टाकला. सर हसून हसून बेजार झाले.

डोळे पुसत म्हणाले, "पण नवस होता कशाचा?"

"ह्याच विषयात पास होण्याचा, सर."

"मग? ऐकलं का मारुतीनं?"

"सर, त्यानं फाइल तुमच्याकडे पाठवली!"

साधना पास झाली, गल्लीनं रोडगे खाल्ले. तुमच्याही घरी कोणाचं असं अडलं असेल, तर एकदा मारुतीपुढे बोलून पाहा.