तीनशे एक्केचाळीस टन

आमच्या शेजारच्या राघवेंद्र गुरुजींची नीरजा विमान चालवते, हे तुळजापुरात आता कुणाला सांगावं लागत नाही. गुरुजी पूजा सांगायला जातात तिथं आधी सामानाची यादी वाचतात आणि यजमानाला एकेक वस्तू हातात धरून दाखवायला लावतात. नुसतं 'आहे हो' म्हटलेलं त्यांना चालत नाही. लोक वैतागतात, मीही वैतागलोय. पण मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. चहा पिता पिता ब्रेक तपासल्याची सही ठोकणारे महाभाग तीस वर्षं पाहिलेत, त्यामुळं या खोडीला मी नावं ठेवत नाही. लेकीनं तीच खोड उचलली.

नीरजा चौदा-पंधरा तासांच्या उड्डाणांवर सहवैमानिक आहे. इंजिन सुरू करण्याआधी एकानं यादी वाचायची आणि दुसऱ्यानं प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, असा तिथला सक्तीचा नियम. मध्ये कुणाच्या बोलण्यानं यादी तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून. यावरून वैमानिकांत दोन तट आहेत म्हणे. जुन्यांतले बरेचजण म्हणतात, याद्या वाढत चालल्यात, जीभ चालते आणि डोकं झोपतं. नीरजाचं म्हणणं उलटं. काम न येणारा माणूस भीतीनं चारदा बघतो. ज्याला काम पाठ झालंय त्याच्यासाठीच यादी लागते, कारण तो बघायचं सोडून देतो.

गेल्या चैत्रात दिल्लीहून अमेरिकेला जायचं होतं. कॅप्टन होते उमाशंकर सर. मूळचे उमरग्याचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, आणि कंपनीत मोठा दबदबा. नीरजाला कॅप्टन करायचं की नाही, याचा शेवटचा शेरा या उड्डाणानंतर तेच लिहिणार होते. अकरा वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती.

भर दुपारची वेळ. निघायला आधीच उशीर झालेला, आणि सात मिनिटांत विमान हललं नाही तर उड्डाणाच्या रांगेतला नंबर जाणार होता. नीरजा यादी वाचत होती, सर उत्तरं देत होते. वजनाचा प्रश्न आला तेव्हा सर बाहेर बघतच 'बघितलं' म्हणाले. तिला ते खटकलं, पण ती पुढं गेली. याचा तिला अजून राग आहे, स्वतःचाच. शेवटच्या दोन ओळी उरल्या असताना खाली सामान चढवणाऱ्यांतला एक माणूस आत आला. एक प्रवासी उतरवला होता, त्याच्या बॅगेचा घोळ होता. तो निस्तरून माणूस गेला.

सर म्हणाले, दोनच उरल्यात, तिथून वाच.

नीरजानं यादीची अगदी पहिली ओळ वाचायला घेतली. सरांनी तिला थांबवलं. यादी इंग्रजीत चालते, पण आता ते उमरग्याच्या मराठीत बोलले.

"नीरजा, नंबर गेला तर तो उशीर तुझ्या नावावर लिव्हीन मी."

तरी ती पहिल्यापासूनच वाचत राहिली. वजन आलं. सर पुन्हा 'बघितलं' म्हणाले. या खेपेला ती अडली आणि म्हणाली, सर, आकडा सांगा.

सर चिडले. समोरच्या टॅबलेटवर बोट आपटत एकेक अक्षर तोडून त्यांनी आकडा वाचला. दोनशे एक्केचाळीस टन. नीरजाच्या हातातल्या वजनाच्या कागदावर होते तीनशे एक्केचाळीस.

विमानानं किती वेगाला जमीन सोडायची, हे टॅबलेट त्या आकड्यावरून ठरवतो. शंभर टन कमी धरले, तर जो वेग तो सांगेल त्या वेगाला एवढं जड विमान उठत नाही, आणि धावपट्टी तर संपत आलेली असते. हा हिशोब दोघांनी वेगवेगळा करायचा असतो. सरांनी तो केलाच नव्हता, तिचाच बघून मान हलवली होती.

"आकडा कुणी टाकला?" सरांनी विचारलं.

"मी टाकला, सर."

नंबर गेला. सगळं नव्यानं करून विमान पाऊण तास उशिरा उडालं. समुद्रावर पोहोचेपर्यंत दोघं कामापुरतंच बोलले. मग सर हळूच म्हणाले, जे सापडलं ते दुरुस्त झालं. तू काही लिहू नको, मी लिहीत नाही. तुझा शेरा चांगलाच जाईल.

उरलेले तास तिनं कसे काढले, ते तिलाच ठाऊक. उतरल्यावर हॉटेलात जाऊन तिनं सगळं लिहून पाठवलं. स्वतःची चूक आधी, सरांची नंतर. सरांना उड्डाणावरून उतरवून पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. नीरजाचं कॅप्टनपद एक वर्ष पुढं गेलं, आणि ते तरी मिळेल का, याची खात्री कुणी देईना.

हे तिनं परवा ओसरीवर बसून सांगितलं. मी चहाला गेलो होतो. गुरुजींचा चेहरा उतरला. लेक दसऱ्याला कॅप्टन होणार, म्हणून ते गावभर बोलून बसले होते.

"चूक तूच शोधलीस, तूच सुधारलीस," ते म्हणाले. "मग लिहून कशाला द्यायचं? कुणाला कळणार होतं?"

"मला आकडा विचारायचं सुचलं नसतं, तर तुम्हाला कळलं असतं, बाबा. टीव्हीवर."

गुरुजींनी तिचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मी कप खाली ठेवला आणि घरी आलो.